भिल्ल पलटण, एक पुस्तक आणि माझा एक कॉलम

गेल्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून धरणगावला आजीकडे जाऊन आलो. पुण्याहून रात्रीच्या गाडीने जळगाव आणि तिथून एसटी. गाडी चक्क वेळेवर पोचली. (या लेखातली ही एकच गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, बाकीचं बहुतेक सगळं छापील आहे!)

लॅपटॉप अर्थातच सोबत होता. दुपारी ओट्यावर बसून खटाखट चाललेलं बघून आजीने विचारलं, "सुट्टीमा बी कामच का रे भाऊ?" म्हटलं, पोलिसांसाठी काहीतरी बनवतोय. त्यावर ती सहज म्हणाली, "आपला गावमा पहिले भिल्लस्नी पलटन व्हती ना."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आजी लोकांच्या गोष्टींमध्ये पलटणी असतातच, म्हणून कधी लक्ष दिलं नव्हतं. या वेळी दिलं, कारण मी करत होतो ते काम. जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी प्रोग्रॅमला द्यायच्या आणि पुढे कुठल्या भागावर लक्ष ठेवायचं ते त्याने सांगायचं, असा तो प्रयोग आहे. त्यात 'वस्ती' नावाचा एक कॉलम आहे. बाकी सगळे कॉलम काढून टाकले तरी या एका कॉलमवर मॉडेल बऱ्यापैकी अचूक चालतं. आमच्या टीमला याचा आनंद झाला होता, मलाही. धरणगावहून परत आल्यावर पंधरा दिवस खानदेशाचं जुनं गॅझेटियर (मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड, १८८०) आणि आसपासचं बरंच काही वाचलं, आणि तो आनंद जरा कमी झाला. का, ते सांगतो.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. ताब्यात आला म्हणजे कागदावर. थाळनेर आणि मालेगावसाठी लढाया झाल्या, किल्ल्यांमधले अरब शिपाई हटवावे लागले. पण खरा पेच त्यानंतरचा होता. १८०२ ते १८०४ मध्ये होळकरांच्या फौजेची लूट आणि मागोमाग मोठा दुष्काळ, त्यावर पेंढारी. गावंच्या गावं ओस पडलेली, आणि सातपुडा, सातमाळा, बागलाणच्या डोंगरांमध्ये भिल्ल नाईकांच्या टोळ्या. घाट त्यांच्या हातात. खाली उतरायचं, गुरं न्यायची, गाव लुटायचं आणि परत वर.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या पहिल्या पत्रांमधला सूर साधारण असा: हे लोक जन्मजात लुटारू आहेत. पण हेच भिल्ल खालच्या गावांमध्ये शतकानुशतकं जागले होते. चोरी झाली की माग काढायचा तो भिल्लाने. पावलांचा माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावाची. ही सगळी पद्धत माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावर १८१९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात तपशिलाने आलेली आहे. जागल्याला गावाकडून धान्य, थोडी जमीन आणि मान मिळायचा. डोंगरातल्या नाईकांचेही खालच्या गावांवर ठरलेले हक्क असायचे. गाव ओस पडलं की जागल्याचं धान्य बंद, नाईकाचा हक्क बंद. मग तो काय करणार? म्हणजे बऱ्याच ठिकाणी ज्याला 'दरोडा' म्हटलं जात होतं ती थकलेली वसुली होती. सगळीकडे नाही, हेही खरं. उगाच सगळ्यांना साधू करायला नको.

आणि आपल्याच राज्यकर्त्यांनी काय केलं होतं? कोपरगावचा प्रसंग गॅझेटियरमध्ये आहे. खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने १८०४ च्या सुमारास भिल्लांना बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावलं. हजारोंनी माणसं आली. त्यांना पकडून दोन विहिरींमध्ये ढकलून मारलं. पेशवाईच्या इतिहासावर इतकं वाचलं, नाटकं पाहिली, पण कोपरगावच्या या विहिरी मला कधी कुठे भेटल्या नव्हत्या. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इंग्रजांचा खानदेशातला पहिला मोठा अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. आजचं धुळे शहर ज्याने आखून वसवलं तोच. माणूस पक्का अभ्यासू. फारसी इतिहासकार फरिश्ता याच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर त्याचंच. १८१७ मध्ये पुण्याची रेसिडेन्सी जळाली तेव्हा त्याच्या ग्रंथसंग्रहासोबत त्या भाषांतराचे कागदही गेले, आणि पठ्ठ्याने सगळं पुन्हा केलं. (बॅकअप न घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) इतक्या विद्वान माणसाने भिल्लांबाबत केलं काय? डोंगरात जाणारं धान्य अडवलं, सैन्य पाठवलं, आणि सोबत जे नाईक शरण येतील त्यांना नेमणुका आणि पेन्शनी देऊ केल्या. कल्पना वाईट नव्हती. पण एका हातात पेन्शन आणि दुसऱ्या हातात बंदूक असली की समोरचा माणूस बंदुकीकडेच बघतो. १८१८ ते १८२५ अशी सात वर्षं हेच चाललं. पलटणी डोंगरात जायच्या, हिवतापाने निम्म्या आडव्या व्हायच्या, काही नाईक फासावर जायचे, आणि पुढच्या वर्षी नवे नाईक.

दरम्यान पलीकडे माळव्यात जॉन माल्कम भिल्लांची माहिती गोळा करत होता. मध्य हिंदुस्थानावरच्या त्याच्या १८२३ च्या ग्रंथात त्याने भिल्लांची ढोबळ विभागणी केली: गावातले भिल्ल, शेती करणारे भिल्ल आणि डोंगरातले भिल्ल. पुढे त्याचा भिल्लांवरचा निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात, १८२७ मध्ये, छापून आला. म्हणजे ज्याला आज आपण 'पेपर पब्लिश झाला' म्हणतो, ते. त्यात दंतकथा आहेत, राजपूत राजांच्या राज्याभिषेकात भिल्लाने टिळा लावायची रीत आहे, साहेबी अहंकार तर पानोपानी आहे. तरीही एक गोष्ट त्यात बरोबर आहे. आधी 'भिल्ल' हा एकच रकाना होता, तिथे आता तीन झाले. आणि तीन झाल्याबरोबर प्रश्न बदलतो. 'यांना आवरायचं कसं' याच्या जागी 'डोंगरातला माणूस गावातला कशामुळे होईल' असं विचारता येतं. डेटा मॉडेलिंग करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एक फील्ड चुकीचं फोडलं की खालची सगळी क्वेरी चुकते.

१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या एल्फिन्स्टनने खानदेशासाठी नवीन हुकूम काढला. बंगालमध्ये भागलपूरच्या क्लीव्हलँडने १७८० च्या दशकात डोंगरातल्या पहाडियांची पलटण उभी केली होती, तो दाखला समोर होता. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी झाल्या. वायव्येला कुकरमुंड्याला कॅप्टन रिग्बी, दक्षिणेला कन्नडला कॅप्टन ओव्हन्स, आणि ईशान्येला धरणगावला बावीस वर्षांचा लेफ्टनंट जेम्स औट्रम. रिग्बी आणि ओव्हन्सने भिल्लांना जमिनीवर बसवायचं आणि औट्रमने त्यांचीच पलटण उभारायची.

औट्रमने सुरुवात जुन्याच पद्धतीने केली, हे त्याचे चरित्रकार जरा भरभर उरकतात. सैन्य घेऊन डोंगरातल्या हट्ट्यांवर छापे घातले, माणसं पकडली. पकडलेल्यांमधल्या काहींना निरोप देऊन परत सोडलं. मग मात्र तो एकटा, पहारा न घेता, त्यांच्यात जाऊन राहिला. भरपूर दारू पाजली हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. शिकारीला त्यांना सोबत घेतलं. पहिले भरती झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आणि त्यांच्या मनात एक शंका कायम होती, की आपल्याला एकत्र जमवून मारणार आहेत.

आता कोपरगाव आठवा. मधे जेमतेम वीस वर्षं गेली होती. भरतीला आलेल्या पोरांच्या बापांनी ती गोष्ट पाहिली किंवा ऐकली असणार. साहेबांच्या कागदांमध्ये याला 'अडाणी संशय' म्हटलं जाई, पण मला तरी तो अनुभवातून आलेला संशय वाटतो. तो जायला निबंध पुरला नाही, गव्हर्नरचा हुकूमही पुरला नाही. एक माणूस रोज रात्री त्यांच्यामध्ये निःशस्त्र झोपला, तेव्हा तो थोडाथोडा गेला. मालेगावच्या छावणीत औट्रमच्या मूळच्या पलटणीतल्या उच्च जातीच्या शिपायांनी या भिल्ल शिपायांना हिणवलं नाही, शेजारी बसवून घेतलं, याचं औट्रमला इतकं अप्रूप वाटलं की त्याने ते मुद्दाम नमूद केलंय.

तिकडे कन्नडला ओव्हन्स जे करत होता ते शिकारीच्या गोष्टींइतकं रंगतदार नाही, म्हणून त्याच्यावर कुणी लिहीत नाही. भिल्लांच्या नोंदी करायच्या, जमीन द्यायची, बैल, नांगर आणि बियाण्यासाठी तगाई द्यायची, जागल्याचे थकलेले हक्क गावाकडून मिळवून द्यायचे, भांडणं ऐकायची. माझ्या मते पलटणीइतकंच किंवा जास्तच काम या कंटाळवाण्या वह्यांनी केलं. (हाच ओव्हन्स पुढे साताऱ्याला रेसिडेंट झाला आणि १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं गेलं त्या प्रकरणात होता. त्याने पुरावे कसे गोळा केले यावर विलायतेपर्यंत आरोप झाले. माणूस तोच, नोंदवही तशीच. असो.)

दोन-तीन वर्षांत फरक दिसला. चौक्या पलटणीकडे आल्या, लष्कर मागे घेता आलं, रस्ते सुरू झाले. १८२७ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला तो माल्कमच, निबंधवाला. त्यामुळे औट्रमला वरून पाठिंबा कमी पडला नाही. अभ्यास करणाराच पुढे सही करणारा साहेब व्हावा, असा योग इतिहासात क्वचित येतो. औट्रम १८३५ मध्ये गुजरातेत महीकांठ्याला गेला. पण पलटण धरणगावला राहिली, आणि १८९१ मध्ये जिल्हा पोलिसात विलीन झाली. सहासष्ट वर्षं! आमच्याकडे एखादं सॉफ्टवेअर सहा वर्षं टिकलं तरी केक कापतात.

मध्यंतरी १८४३ मध्ये कॅप्टन डी. सी. ग्रॅहमने खानदेशातल्या भिल्लांचा छोटा इतिहास लिहिला. पुढे कोल्हापूर संस्थानाचा मोठा अहवाल ज्याने लिहिला तोच हा ग्रॅहम. त्याचं टिपण मुंबई सरकारने छापलंही. त्यात पेशवाईतल्या कत्तली आहेत, इंग्रजांच्या पहिल्या वर्षांतल्या चुका आहेत, एजन्सींचा हिशेब आहे. म्हणजे काम करणाऱ्यांनीच कामाचा अभ्यास लिहून ठेवला, पुढच्या माणसाला उपयोगी पडावा म्हणून.

इथवर वाचून कुणी औट्रमचा पुतळा उभारायला निघेल, तर जरा थांबा. ही पलटण भिल्लांनीच भिल्लांना धरायला होती. १८३० मध्ये डांगच्या राजांवर स्वारी झाली त्यात ती होती. १८३१ मध्ये यावल-सावद्याकडच्या तडवींवर कारवाई झाली तेव्हाही औट्रमच होता. आणि १८५७ ने तर सगळ्या हिशेबाचा तळ दाखवला. सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक हा वर्षानुवर्षं सरकारच्याच नोकरीत होता. एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली, तुरुंगात गेला, सुटून आला, आणि उठावाच्या वर्षी इंग्रजांवर उलटला. सात लाखांचा सरकारी खजिना त्याने घाटात लुटला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. दोन्ही बाजूंना भिल्ल होते, डोंगरात खाज्याचे आणि खालून चढणारे धरणगावच्या पलटणीचे. तिकडे नगर-नाशिक भागातला भागोजी नाईक, तोही आधी पोलिसातलाच. जवळून ओळख असलेल्या माणसाचा एकदा अपमान झाला की तो परक्यापेक्षा जास्त खोल जातो.

तर एवढं सगळं शिकून झाल्यावर पोलिस खातं पुढे कुठे गेलं? सरळ उलट दिशेला. हाच भाग मला जास्त छळतो.

१८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानासाठी 'गुन्हेगार जमाती'चा कायदा झाला. एखादी जमातच गुन्हेगार ठरवायची, तिच्या माणसांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, गाव सोडायला परवानगी लावायची. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घ्यायची मुभाही त्यात होती. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९०८ मध्ये, मुंबई इलाख्याचे वरिष्ठ पोलिस अधिकारी एम. केनेडी यांचं इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवरचं पुस्तक निघालं. हाही अभ्यासच, आणि मेहनतीने केलेला. भामटा, कैकाडी, पारधी, एकेका समाजाचं प्रकरण. कुठे राहतात, कसे दिसतात, कुठली बोली बोलतात, वेषांतर कसं करतात, चोरीची पद्धत काय. फौजदाराने टेबलावर ठेवावं असं हँडबुक. हे पुस्तक चाळताना माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याची रचना मला ओळखीची वाटली. समाज, वस्ती, ओळखखुणा, पद्धत. कॉलम, कॉलम, कॉलम.

ग्रॅहमचं टिपण आणि केनेडीचं पुस्तक शेजारी ठेवून बघा. दोघेही पोलिसी कामातले, दोघांनीही माहिती जमवली, दोघांचीही माहिती प्रत्यक्ष वापरली गेली. पण ग्रॅहमच्या वहीत या माणसांच्या बाबतीत काय घडलं ते आहे: कोणाचा हक्क कधी बंद झाला, कोणी फसवलं, कोणाला बैल मिळाले आणि मग काय झालं. केनेडीच्या पुस्तकात ही माणसं काय 'आहेत' ते आहे. पहिल्या माहितीवर तुम्ही काहीतरी देऊ शकता. दुसऱ्या माहितीवर फक्त पाळत ठेवू शकता. स्टुअर्ट गॉर्डन या इतिहासकाराचा खानदेशातल्या भिल्लांवर आणि 'गुन्हेगार जमात' या कल्पनेवर १९८५ चा एक लेख आहे, तो मिळाला तर जरूर वाचा. ही कल्पना कशी घडत गेली ते त्यात नीट कळतं.

मुंबई सरकारने या कायद्याच्या चौकशीसाठी क. मा. मुन्शींची समिती नेमली होती, तिचा अहवाल १९३९ चा. सगळ्या देशातून कायदा गेला तो १९५२ मध्ये. यादीतले लोक 'विमुक्त' झाले. कायदा रद्द करता येतो, पण ज्यांनी चाळीस वर्षं ते हँडबुक टेबलावर पाहिलं त्यांच्या नजरेचं काय?

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले डवरी गोसावी समाजातले पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे व्हॉट्सॲपवरचे मेसेज त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही जण गेले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. केनेडीपासून राईनपाड्यापर्यंत सरळ रेघ ओढता येणार नाही, मी ओढतही नाही. मारणाऱ्या कुणीही ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण भटका दिसला की आधी संशय आणि मग चौकशी, हा क्रम आपल्याकडे इतका सहज कुठून आला, हा प्रश्न जात नाही. दोनशे वर्षांपूर्वी त्याच डोंगरांमध्ये आधी जाऊन राहणं आणि मग भरती, असा क्रम एकदा लावून बघितला होता.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत व्हावी म्हणून 'मार्व्हल' नावाची कंपनी स्थापन केली, आयआयएम नागपूर सोबत आहे. म्हणजे माझ्यासारखी बरीच पोरं येत्या काळात पोलिसांच्या नोंदींवर काम करणार. चांगलंच आहे, सायबर फसवणुकीचे पैसे मधेच अडवता आले तर कोणाला नको आहे? मला तक्रार करायची नाही. मला माझ्या कॉलमचं बघायचंय.

परत आल्यावर मी एक साधी गोष्ट केली. 'वस्ती'मुळे ज्या नोंदी वर येत होत्या त्या उघडून एकेक वाचल्या. आमच्या टीममध्ये कुणी वाचल्या नव्हत्या, मीही नाही. आलेख बघितले होते. बऱ्याच नोंदी चोरीच्या नव्हत्याच. गस्तीत कुणी संशयावरून हटकला, नाव लिहून घेतलं, सोडून दिलं, अशा होत्या. गस्त जिथे जास्त तिथे नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून मॉडेल म्हणणार, तिथेच गस्त घाला. मग आणखी नोंदी. मॉडेल अचूक का होतं ते कळलं. ते चोर शोधत नव्हतं, पोलिस उद्या कुठे जातील ते ओळखत होतं.

टीम लीडला मेल टाकलाय की चोरीच्या तक्रारी आणि गस्तीच्या नोंदी वेगळ्या करूया, आणि तोवर हा कॉलम काढूया. अचूकता किती घसरेल तेही आकड्यांसह लिहिलंय, बरीच घसरते. त्याचं उत्तर आलं, "गुड पॉइंट, डेमो झाल्यावर बघू." डेमो शुक्रवारी आहे.